दगडावरचे ओरखडे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी कुणी शेती सांभाळली, कुणी धाटावच्या कारखान्यांत नोकरी केली, मी दगडांच्या मागे लागलो. त्यातलंच थोडं सांगतो.

अवचितगडाचा काळा पाषाण आपण लहानपणापासून पाहतो. तो लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई इथे, चुनखडीच्या खडकावर त्याहून कितीतरी जुने ओरखडे आहेत. फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकांनी १८७५ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फाने धोंडे ओढत नेले, त्यांचे ते वळ. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्याला हे खरं वाटणार नाही!

पण तेव्हा भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया हे सगळे गोंडवन या एकाच भूखंडात होते, आणि आपण दक्षिण ध्रुवाकडे होतो. नुसत्या थंडीने मोठा हिमस्तर होत नाही. त्याला टेकायला जमीन लागते, तीही उंच असली तर उत्तम. डोंगरावरचं हिम उन्हाळ्यात वितळलं नाही की थरावर थर चढतो. उंची वाढली की माथा आणखी गार होतो, बर्फ आणखी वाढतो. मग तो खोऱ्यांतून खाली सरकतो आणि तीच खोरी घासून रुंद करतो. जमीन बर्फाला वाट दाखवते, बर्फ जमिनीचं रूप बदलतो. अंटार्क्टिकात आजही गॅम्बुर्त्सेव्ह नावाची अख्खी पर्वतरांग बर्फाखाली गाडलेली आहे. तिथला हिमस्तर सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी वाढू लागला, तो अशाच उंच भागांवरून.

आपल्याकडचा बर्फ मात्र हवा उबदार होताच गेला. मागे राहिलेल्या सखल खोऱ्यांत दलदली झाल्या, झाडं वाढली, गाळाखाली दबली आणि त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातला तो कोळसा चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळतो. तिथली वीज साडेसातशे किलोमीटरच्या वाहिनीने पडघ्यापर्यंत येते. कोळशाच्या धुराने हवा तापते. म्हणजे एक बर्फ गेला त्या जागी झालेला कोळसा आज दुसरा बर्फ वितळवतो आहे.

अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. त्याला हजारो वर्षं लागतील. पण कुंडलिकेच्या खाडीला आणि पेणच्या खारभूमीला एवढं पाणी लागतच नाही. उधाणात बांधाला खांड पडली की भातशेतीचं काय होतं, हे इथे कुणाला सांगायला नको. तिथे हातभर वाढसुद्धा पुष्कळ झाली.

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीने शाळेला काही द्यायचं ठरवलंच आहे, तर त्यात एवढं घाला: दर पावसाळ्यात मोठ्या उधाणाच्या दिवशी मुलांना खारबांधावर न्यायचं आणि पाणी कुठवर आलं याची खूण करून वहीत नोंद ठेवायची. वीस-पंचवीस वर्षांनी ती वही गावाच्या उपयोगी पडेल.