चार आठवड्यांचे पाहुणे

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. व्याख्यान देणे हा आमचा पेशा नव्हे. बी.ए.ला आमचा विषय इतिहास होता, आकडेमोड पुढे पोटासाठी शिकलो. तरीही कार्यकारिणीची आज्ञा मोडवत नाही म्हणून आपल्यासमोर उभे आहोत.

निमित्त असे घडले. आपल्या संस्थेची एक माजी विद्यार्थिनी, जी आज एका मोठ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, ती मध्यंतरी घरी आली. म्हणाली, "काका, कंपनी मला एक महिना इथिओपियात पाठवते आहे. तिथल्या एका सेवाभावी संस्थेचे हिशेबाचे काम लावून द्यायचे आहे. पगार चालू, खर्च कंपनीचा. जाऊ का?" आम्ही म्हणालो, "अवश्य जा, पण आधी बस आणि आमचे थोडे ऐक." तिला जे सांगितले तेच आज आपल्यापुढे मांडत आहोत.

ही चाल तशी जुनी आहे. १९५८ साली इंग्लंडमध्ये अॅलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्याने शाळा संपवलेल्या तरुणांना परदेशी सेवेला पाठवण्यास प्रारंभ केला. त्यातून व्ही.एस.ओ. ही संस्था उभी राहिली. १९६१ मध्ये अमेरिकेत केनेडींच्या काळात पीस कोअर निघाले. पुढे व्ही.एस.ओ.च्या ध्यानात आले की यजमानांना नुसता उत्साह नको आहे, शिकलेला हात हवा आहे. अठरा वर्षांच्या मुलांची जागा मग शिक्षक, परिचारिका, अभियंते यांनी घेतली, आणि तेही महिन्या-दोन महिन्यांसाठी नव्हे, तर वर्ष-दोन वर्षांसाठी.

कंपन्या यात मोठ्या प्रमाणावर उतरल्या त्या या शतकात. औषधे बनवणाऱ्या फायझरने २००३ साली आपली माणसे आरोग्यसंस्थांकडे धाडली. आयबीएमने २००८ साली 'कॉर्पोरेट सर्व्हिस कोअर' सुरू केले. पहिल्या तुकड्या रुमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम, फिलिपाईन्स, घाना आणि टांझानियाला गेल्या. एकेका तुकडीत आठ ते पंधरा माणसे, तीही निरनिराळ्या देशांतली. निघण्यापूर्वी तीन महिने नोकरी सांभाळून तयारी, मग प्रत्यक्ष मुक्काम चार आठवडे. पाच हजारांवर कर्मचाऱ्यांनी अर्ज केले होते म्हणतात. (आमच्याकडे तालुक्याच्या गावी बदली झाली तरी माणसे साहेबांच्या केबिनबाहेर रांग लावतात, ते असो.)

यामागे कंपनीचा स्वार्थ आहे काय? आहे, आणि तो तिने लपवलेला नाही. उद्याचे अधिकारी परक्या मुलखात तयार व्हावेत, नव्या बाजारपेठांची ओळख व्हावी, हा हेतू उघड होता. आम्हास त्यात वावगे वाटत नाही. देणाराही काही शिकून गेला तर बिघडले कुठे? आमची शंका वेगळीच आहे. पाहुणा गेल्यावर मागे काय उरते?

ही शंका आमच्या डोक्यात पुस्तकातून आलेली नाही. आमच्या जिल्ह्यात मुलींचे एक वसतिगृह आहे. तिथे आम्ही रविवारी हिशेब लिहायला जातो. काही वर्षांपूर्वी परदेशातील एका कंपनीचे कर्मचारी तिथे चार आठवड्यांसाठी आले होते. हिशेबाचे काम ज्याच्याकडे होते तो तरुण फार गुणी. मुलींच्या पंगतीत मांडी घालून पिठले-भाकरी खायचा. रात्री जागून त्याने संगणकावर हिशेबाची सुरेख व्यवस्था बसवली. निरोपाच्या दिवशी मुली रडल्या, खरे सांगायचे तर आम्हीही रडलो.

पण त्याच्या देशात हिशेबाचे वर्ष डिसेंबरला संपते. त्याने व्यवस्था जानेवारी ते डिसेंबर अशी बांधली होती. आपले वर्ष ३१ मार्चला संपते, आणि सार्वजनिक न्यासाचा हिशेब त्यानंतर सहा महिन्यांत तपासून घ्यावा लागतो. मार्च उजाडला तेव्हा शिल्लक पुढे ओढता येईना. आत शिरून दुरुस्ती करावी, तर परवलीचा शब्द त्याच्यापाशी. पत्रे लिहिली, पण तो कंपनी सोडून गेला होता. अखेर आम्ही तिघांनी नऊ रविवार बसून सारे व्यवहार पुन्हा खतावणीत हाताने उतरवले. लेखापरीक्षण लांबले, त्यामुळे अनुदानाचा हप्ता अडकला. दोन मुलींची परीक्षा फी वर्गणी काढून भरावी लागली.

दोष कोणाचा? त्या तरुणाचा म्हणाल तर थोडा. खरा दोष आमचा. तो पडद्यावर 'जानेवारी' लिहीत होता तेव्हा आम्ही शेजारी बसलेलो होतो. आम्हाला दिसत होते. पण एवढा मोठा माणूस, इंग्रजीत बोलणारा, त्याला कारकुनाने कसे अडवायचे, या भिडेपोटी आम्ही गप्प राहिलो. ही भीड अजूनही आमच्या मनाला टोचते. विद्यार्थी मित्रहो, पदवी हाती असूनही ती आपल्यातून जात नाही.

याच कामाची दुसरी एक तऱ्हा पाहा. अमेरिकेतील जनरल मिल्स ही पीठ आणि खाद्यपदार्थ बनवणारी मोठी कंपनी. २००८ मध्ये तिच्या पुढाकाराने जे काम सुरू झाले त्याचीच पुढे 'पार्टनर्स इन फूड सोल्युशन्स' ही संस्था झाली, आणि इतर कंपन्याही तिला मिळाल्या. केनिया, टांझानिया, झांबिया अशा देशांतील लहान पीठगिरण्या आणि खाद्यकारखान्यांना या कंपन्यांचे तंत्रज्ञ सल्ला देतात. पीठ जास्त दिवस कसे टिकावे, यंत्रांची मांडणी कशी असावी, तपासणी कशी करावी, असे प्रश्न. बहुतेक तंत्रज्ञ आपल्या टेबलावर बसूनच, फोनवरून आणि संगणकावरून, आठवड्याचे काही तास देतात. पण गिरणीत जाऊन उभा राहणारा माणूस तिथलाच असतो. टेक्नोसर्व्ह नावाच्या संस्थेच्या स्थानिक माणसांनी हे मधले काम केले. गिरणीवाल्याची अडचण त्यांनी तंत्रज्ञाला समजावायची, आणि तंत्रज्ञाचे उत्तर गिरणीत चालते की नाही ते पाहायचे. आमच्या मते सारी मेख या मधल्या माणसात आहे. वसतिगृहात तो मधला माणूस आम्ही होतो, आणि आम्ही तोंड उघडले नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आम्ही सांगितले, की तिथे पोचल्यावर संगणक उघडू नकोस. आधी त्यांच्या जुन्या वह्या माग. वही लिहिणाऱ्या माणसाशेजारी बस, साहेबांशेजारी नव्हे. काही चुकत असेल तर तो बोलणार नाही हे गृहीत धर आणि तूच दहादा विचार. परवलीचा शब्द तिथल्या दोघांना लिहून दे. शेवटचा आठवडा तू हात मागे बांधून उभी राहा, काम त्यांना करू दे.

आणि हो, त्यांचे वर्ष कधी संपते ते विचार, हेही सांगितले. ती हसली होती.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या लेखनिकाला वर्षाचे विचारले. त्याने जुनी वही काढून तेरावा महिना दाखवला. इथिओपियाच्या पंचांगात तीस-तीस दिवसांचे बारा महिने, आणि वर्षाच्या शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. कंपनीने जी व्यवस्था सोबत दिली होती तीत महिने बाराच होते. आता ती आणि तो लेखनिक मिळून त्यावर काम करीत आहेत. ती पुढल्या महिन्यात परत येईल. अध्यक्षांनी परवानगी दिल्यास पुढील मेळाव्यात आमच्याऐवजी तिलाच बोलवावे, अशी विनंती करून आम्ही खाली बसतो.