डाकोटाच्या दोन प्रतिकृती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावर मांडलेली ही दोन विमाने पाहून काही चेहऱ्यांवर स्मित उमटलेले आम्हांस दिसते आहे. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची सवय असलेल्या या सभागृहात प्लास्टिकच्या विमानांविषयी बोलणे हे धाडसच म्हणावयाचे. परंतु सुवर्णमहोत्सव हा जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग असतो, आणि तशी तुलना प्रत्यक्ष हातात घेऊन करण्याचे याहून सोयीचे साधन आमच्यापाशी नाही.

६ ऑक्टोबर २०२४ रोजी मरीनाच्या वाळूवर वायुदलाच्या कसरती पाहण्यास आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. त्या दिवशीच्या उन्हाने व गर्दीने काही जीव घेतले, ही वेदना विसरण्याजोगी नाही. राफेल आणि तेजस यांच्या गडगडाटाबरोबरच त्या दिवशी दोन पंख्यांचे एक जुने विमान सावकाश जाताना दिसले. ते डाकोटा. त्याचे नाव ‘परशुराम’ आहे, हे ऐकून आमच्या कोकणस्थ मित्रांना विशेष आनंद होतो! राजीव चंद्रशेखर यांनी ते वायुदलास भेट दिले आणि २०१८ साली ते दाखल झाले. त्याच्यावरील क्रमांक आहे व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान ज्या डाकोटांतून श्रीनगरला उतरले, त्यांतील एकाचा हा क्रमांक. म्हणजे मरीनावर आपण पाहिले ते विमान खरे असले, तरी त्या ऐतिहासिक विमानाची तीही एका अर्थाने प्रतिकृतीच होय.

आता या लहान प्रतिकृतींकडे वळू. दोन्ही इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीच्या आहेत, दोन्ही एकाच विमानाच्या आहेत आणि दोन्हींचे प्रमाण बहात्तरास एक असे आहे. सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. डाकोटाच्या सुमारे ९५ फुटी पंखांचा विस्तार जवळजवळ १६ इंचांत बसतो. यांतील एका संचाचा साचा १९६० सालचा आहे, दुसऱ्याचा २०१४ सालचा. मधल्या चोपन्न वर्षांत मूळ विमान तसूभरही बदललेले नाही. तरीही या दोन प्रती एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत की, त्या एकाच घराण्यातील आहेत यावर प्रथमदर्शनी विश्वास बसू नये.

जुन्या प्रतिकृतीवरून बोट फिरविले की, प्रथम जाणवतात ते रिव्हेट. पंखांवर आणि धडावर त्यांच्या रांगाच्या रांगा उठलेल्या आहेत. अर्ध्या मिलिमीटरचा हा ठिपका बहात्तर पटींनी मोठा केल्यास साडेतीन सेंटिमीटरांहून अधिक रुंद होतो. एवढ्या सुपारीएवढ्या रिव्हेटांनी मढविलेले विमान धावपट्टी सोडील किंवा कसे, याची शंकाच आहे. याउलट नव्या प्रतिकृतीवर पत्र्यांचे सांधे बारीक कोरलेल्या रेघांनी दाखविले आहेत. पाहणारा म्हणतो, हे खरे विमान! परंतु येथेही हिशेब करून पाहावा. पाव मिलिमीटरची ती चर प्रत्यक्षात सुमारे दोन सेंटिमीटरांची होईल. शिवाय डाकोटाचे पत्रे बहुतांशी एकावर एक चढवून, गोल डोक्याच्या रिव्हेटांनी जोडलेले असत. तेथे चर नसतेच, असते ती पायरी. तेव्हा जुन्या कारागिराने प्रमाण सोडले, पण विमानाचा पृष्ठभाग खडबडीत आहे ही गोष्ट त्याने ओळखली होती. नव्याने रेखीवपणा साधला, पण त्यासाठी मूळात नसलेल्या रेघा पत्करल्या. प्रत्येक काळाची खरे दाखविण्याची एक रीत असते, आणि त्या काळच्या लोकांना ती रीत न वाटता सत्यच वाटत असते.

दोहोंची घडणही निराळी. जुन्या काळी मोठ्या आकाराचा नमुना करून, तो यंत्राने लहान करीत पोलादी साच्यात उतरवीत. आज नकाशे संगणकावर तयार होतात; काही संचांसाठी तर संग्रहालयातील मूळ विमान प्रकाशकिरणांनी मोजून घेतात. त्यामुळे नव्या संचाचे भाग एकमेकांत चपखल बसतात, आणि चौदा सिलिंडरांच्या इंजिनांपासून चालकाच्या आसनापर्यंत सारे बारकाव्याने दिसते. जुन्यात मात्र दोन अर्ध्या धडांच्या मध्ये फट राहावयाची. ती लांबी भरून बुजवावी, पॉलिश पेपरने घासावी, मग रंग द्यावा. चालककक्षात काय असते ते छायाचित्रांत शोधावे आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी स्वतः करावे. आयातीवर निर्बंध होते त्या दिवसांत असा संच कोणा नातेवाइकाच्या परदेशवारीतून किंवा येथील बर्मा बाजारातून एखाद्याच भाग्यवंताला मिळे. त्याचा तुकडान् तुकडा जपला जाई. उणिवांमुळेच पुष्कळ शिकावयास मिळाले, असे जुने हौशी लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण म्हणून आजच्या मुलांनी मुद्दाम वाईट संच घेऊन बसावे असे आम्ही म्हणणार नाही. आणि आणखी एक गंमत अशी की, या इंग्रज कंपनीच्या २०१० च्या दशकातील अनेक संचांच्या डब्यांवर ‘मेड इन इंडिया’ अशी अक्षरे आढळतात. जी वस्तू आपण सातासमुद्रांपलीकडची समजत होतो, तिचे भाग आपल्याच देशात ओतले गेले!

आता ज्यासाठी आम्ही एवढा प्रपंच मांडला, तो मुद्दा. समजा, आपल्या मुलाला १९४७ सालचे व्हीपी ९०५ करावयाचे आहे. जुना संच घ्या वा नवा, त्यात बहुधा ब्रिटिश वा अमेरिकी खुणाच मिळतात. बरे, बाजारातून आपले केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ आणून चिकटविले, तर तेही चूक. कारण ते वर्तुळ १९५० साली प्रजासत्ताकाबरोबर आले. नव्या संचाची सारी अचूकता येथे संपते. पुढचे आपणच शोधावे लागते.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटे आपापल्या शहरी परतत. आरंभीच्या काळात हे काम डाकोटांनी केले. योजना सुमारे पाव शतक चालली. मुंबईहून मद्रासला आलेले ख्यालीखुशालीचे पत्र, लग्नाची अक्षत, कधी वडिलांच्या आजारपणाची बातमी, हे सारे नागपूरच्या धावपट्टीवर मध्यरात्री एका विमानातून दुसऱ्यात चढले आहे. या शहरातील जुन्या मराठी कुटुंबांचा गावाशी असलेला धागा त्या थैल्यांतून येत असे. या विमानाची प्रतिकृती कोणता कारखाना काढील? तिचे भाग कोणत्याही डब्यात नाहीत. ते आपल्या घरांतील ट्रंकांत आहेत.

म्हणून आमची एक विनंती आहे. ज्यांच्याकडे १९४९ ते १९७० या काळातील टपालाची पाकिटे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. पाठविल्याचा आणि पोहोचल्याचा असे दोन्ही शिक्के उमटले असतील, तर प्रवासास किती काळ लागला ते त्यांवरून कळेल. ती पत्रे ज्यांनी उघडून वाचली, त्यांतील काही वडीलधारी मंडळी आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसली आहेत. त्यांच्याकडून ऐकून मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे, मंडळाने ती वही ग्रंथालयात ठेवावी. आमची मुले येथेच जन्मली, तमिळ उत्तम बोलतात, आणि महाराष्ट्र त्यांना बहुतांशी सुटे भाग जोडूनच उभा करावा लागतो. आजोबांनी दिलेले भाग काहीसे ओबडधोबड असतील, आणि आज घरबसल्या मिळणारे अधिक रेखीव असतील. मुलांना दोन्ही द्यावेत. कोणता भाग मापाने चुकला आहे आणि कोणता रीतीपुरताच खरा आहे, हे घासूनपुसून पाहण्याची सवय मात्र त्यांच्या हाताला लागली पाहिजे.

सभा संपल्यावर ही दोन्ही विमाने मुलांनी खुशाल हाताळावीत. जुन्याचा डावा पंखा थोडा सैल आहे, तेवढा जपावा.