दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना



दुसऱ्याच्या फोटोवर चारचौघांत बोलायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा दागेरची फोटो काढण्याची पद्धत जगजाहीर होऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे एक सदस्य. प्रिंट मांडावेत, इतरांनी ते न्याहाळावेत, बरंवाईट सांगावं, यासाठीही अशा संस्था निघाल्या.

आता हे काम फोनवर चालतं. फोटो टाकला की ‘मस्त’, ‘कडक’, ‘एक नंबर’ यांची रांग लागते. चार अंगठे, दोन बदाम. काढणारा खूश होतो, पण पुढच्या वेळी काय जपायचं आणि काय सोडायचं, ते त्याला कळत नाही. सलॉनची, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांची, तऱ्हा वेगळी. पडद्यावर काही सेकंद फोटो, समोर परीक्षक, त्यांनी दिलेले गुण. फोटो नाकारला गेला तर तेवढंच कळतं. का नाकारला, ते कोणी सांगत नाही.

कारण सांगितल्याने काय घडतं, याचा एक दाखला न्यूयॉर्कचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पॉल स्ट्रँड हा पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण आपले प्रिंट घेऊन आल्फ्रेड स्टिग्लिट्झकडे जायचा. स्टिग्लिट्झ ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा संपादक, फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या ‘२९१’ गॅलरीचा सर्वेसर्वा. त्याच्या शब्दाला वजन होतं. स्ट्रँड तेव्हाच्या चालीप्रमाणे सॉफ्ट-फोकस लेन्स वापरत असे. स्टिग्लिट्झने त्याला दाखवून दिलं, की या लेन्समुळे गवत पाण्यासारखं दिसतंय आणि पाणी झाडाच्या सालीसारखं. सगळं एकाच पदार्थाचं बनल्यासारखं वाटतंय. मग उपाय सांगितला: अपर्चर बारीक कर. स्ट्रँडने ते मनावर घेतलं. १९१६ मध्ये ‘२९१’मध्ये त्याचं प्रदर्शन लागलं आणि १९१७ मध्ये ‘कॅमेरा वर्क’चा शेवटचा अंक निघाला, त्यातले फोटो एकट्या स्ट्रँडचे होते.

स्टिग्लिट्झने काय दिसतंय ते सांगितलं, ते कशामुळे होतंय ते सांगितलं आणि स्ट्रँडच्या हातात असलेला एक बदल सुचवला. ही सूचना फोटोबद्दलची होती, स्ट्रँडच्या वकुबाबद्दलची नव्हती.

उलट दाखलेही आहेत. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकचं ‘द अमेरिकन्स’ हे फोटोंचं पुस्तक १९५८ मध्ये पॅरिसला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालं. ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ मासिकाच्या समीक्षकांपैकी अनेकांनी ते झोडपून काढलं: क्षितिज वाकडं, ग्रेन फार, एक्सपोजर गढूळ. हे सगळं त्या फोटोंत होतंच. पण फ्रँकला जी एकाकी, घाईतली अमेरिका दिसली होती, ती सरळ क्षितिजात आणि स्वच्छ एक्सपोजरमध्ये मावली असती का, हा प्रश्न मागेच राहिला.

२००६ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरच्या एका गटात फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ चा प्रसिद्ध फोटो कोणीतरी काढणाऱ्याचं नाव न सांगता टाकला. फ्रान्समधल्या इएर गावातला तो गोल जिना आणि खालून सुसाट गेलेला सायकलवाला. सायकलवाला धूसर आहे, म्हणून गटाने फोटो बाद केला! लोक मागाहून हसले. पण मोठं नाव दिसताच माना डोलावल्या असत्या, तर तेही फोटो न पाहणंच झालं असतं.

आता घरचं उदाहरण घेऊ. समजा, सोमवती अमावस्येला जेजुरीत काढलेला एक फोटो समोर आला. पायऱ्यांवर भंडाऱ्याचा लोट, मधोमध पालखीला खांदा दिलेला म्हातारा. काढणारीला दाखवायचा होता त्या म्हाताऱ्याचा चेहरा. ‘रूल ऑफ थर्ड्‌स पाळा’ या सल्ल्याचा तिला काडीचा उपयोग नाही. नीट पाहणारा सांगेल, की नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर जाते, मग पिवळ्या लोटावर आणि चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी. लोटात उन्हाचा भाग सपाट झालाय, कारण तिथे लाल चॅनेलमधला तपशील उडालाय. चॅनेलवार हिस्टोग्राम पाहिला तर ते लगेच दिसतं. एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवलं असतं, तर भंडाऱ्याचे पदर सुटे दिसले असते. ऑटो व्हाइट बॅलन्सने हळदीचा पिवळा रंग फिका केला असेल, तर पुढच्या वेळी तो डेलाइटवर ठेवावा. टोपी क्रॉप करून काढता येईल. खांद्यावरचा ताण मात्र अचूक पकडलाय, तो क्रॉपमध्ये जाऊ देऊ नये.

यातलं शेवटचं वाक्य उपचाराची गोड गोळी म्हणून आलेलं नाही. काय टिकवायचं हे कळलं नाही, तर काढणारी पुढच्या वेळी टोपी टाळेल आणि सोबत तो खांदाही गमावेल.

काही वेळा प्रश्न फोटोच्या चौकटीबाहेरचा असतो. घरट्यातल्या पिल्लांचा फोटो कितीही सुबक असला, तरी त्यासाठी फांदी वाकवली होती का, हे विचारावंच लागतं. फक्त ते आरोपाच्या सुरात विचारलं की संभाषण तिथेच संपतं.

आरोपाचा सूर टाळायची एक रीत आहे. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास नव्या कलाकृतींवरच्या चर्चेसाठी चार पायऱ्यांची पद्धत बसवली. पाहणाऱ्यांनी आधी त्यांना काय भिडलं ते सांगायचं. मग कलावंताने प्रश्न विचारायचे. त्यानंतर पाहणाऱ्यांनी विचारायचे, मात्र प्रश्नात मत दडवायचं नाही: ‘आकाश इतकं का जाळलंस?’ असं न विचारता ‘आकाशाचं एक्सपोजर कसं ठरवलंस?’ असं. मत सर्वांत शेवटी, तेही कलावंताची परवानगी घेऊन. ही पद्धत फोटोंनाही चपखल लागू पडते.

उद्या सकाळचं प्रिंटवरच्या चर्चेचं सत्र याच पद्धतीने घ्यावं, अशी आयोजकांना विनंती आहे. प्रिंट मोजकेच घ्यावेत, म्हणजे प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळेल. गुण नकोत, क्रमांकही नकोत. प्रत्येक प्रिंटमागे काढणाऱ्याने एकच ओळ लिहावी: या फोटोत मला काय दाखवायचं होतं. पाहणाऱ्यांचं सांगून झालं, की प्रिंट उलटून ती ओळ सगळ्यांसमोर वाचावी आणि पुढची चर्चा तिथून सुरू करावी.