पोटदुखीची भाषा
(देवपूर, धुळे येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानावरून)



कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा हे आपल्या खानदेशाचे आवडते अन्न. ठेच्याने जीभ पोळते, पण तेथे विस्तव नसतो. उष्णतेची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर जे ग्राहक असतात, त्यांनाच मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य चेतविते. असे तंतू जठराच्या व आतड्याच्या भित्तीतही आहेत. म्हणूनच तिखटाची सवय नसलेल्याच्या पोटात आग पडते. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली उजेडात आणला, तर दाब व ताण ओळखणारे ग्राहक आर्डेम पॅटापूशियन यांनी शोधले. उभयतांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पचनमार्गातील हे संवेदक तंतू अखंड पहारा करीत असतात. मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के तंतू मेंदूकडे वर्दी नेणारे आहेत. भूक शमली, मळमळले, एवढेच आपणांस कळते. बाकीच्या वर्दीची जाणीवही होत नाही.

वेदनेची वर्दी मुख्यतः पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूमार्गे जाते. तिची रीत निराळी आहे. आतडे कापले तरी फारसे दुखत नाही. ते फुगले वा ताणले गेले, तर मात्र असह्य कळ येते. शिवाय हे तंतू विरळ असून त्वचेच्या तंतूंबरोबरच मेरुरज्जूत शिरतात. त्यामुळे दुखण्याचे नेमके स्थान मेंदूस उमगत नाही.

आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, दाह हे याचे ठळक उदाहरण होय. अपेंडिक्स उजव्या कुशीत खाली असते. परंतु आरंभी बहुधा बेंबीभोवती दुखते, कारण दोहोंचे तंतू मेरुरज्जूच्या एकाच भागात पोहोचतात. काही तासांनी दाह पोटाच्या आतील अस्तरास भिडतो. त्या अस्तराचे तंतू नेमकी जागा दाखवितात, आणि दुखणे उजवीकडे खाली सरकते.

येथेच घात होतो. "वायू धरला असेल" म्हणून पोट चोळले जाते, एरंडेल पाजले जाते. रेचकाने आतड्याची हालचाल वाढते आणि सुजलेले अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढतो. ते फुटल्यावर कधी कधी कळ काही काळ थांबते. घरच्यांस उतार पडल्यासारखे वाटते, पण विष पोटभर पसरत असते.

म्हणून शाळेत वा गावात कोणाचे बेंबीजवळ दुखू लागून ते उजवीकडे सरकले, सोबत उलटी, ताप वा अन्नावरची वासना उडाली असेल, तर चोळू नये, रेचक देऊ नये, खाऊपिऊ घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मुले, वृद्ध व गर्भवती यांच्यात ही लक्षणे नेहमीच्या क्रमाने दिसतीलच असे नाही. त्यांचे न थांबणारे पोटदुखे तर कधीच अंगावर काढू नये.

पोट खोटे बोलत नाही. ते केवळ मोघम बोलते. त्याचा अर्थ लावण्याचे काम वैद्याचे, आणि रुग्णास वेळेवर त्याच्यापाशी पोहोचविण्याचे काम आपले आहे.