पोटांतील वायु

नाशिकच्या एखाद्या गृहस्थास पित्ताशयांतील खड्यांची व्यथा जडली, तर आज त्याचें पोट वीतभर चिरण्याची गरज बहुधा पडत नाहीं. दुर्बिणीनें पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतांत प्रथम १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं केली.

दुर्बिणीस मात्र पाहण्यापुरती जागा हवी. म्हणून बेंबीजवळून कार्बन डाय-ऑक्साइड वायु भरून पोट तंबूसारखें फुगवितात. १९०१ सालीं जर्मन वैद्य केलिंग यानें कुत्र्याच्या पोटांत याच हेतूनें गाळलेली हवा भरली होती. पुढें हवा मागें पडली. कारण हा वायु रक्तांत सहज विरघळतो व ज्वलनास साहाय्य करीत नाहीं. नंतर खांदा दुखतो तो बहुधा यामुळेंच. त्यांत भय नसतें.

भय निराळें, व फार विरळ. सुई चुकून एखाद्या शिरेंत शिरली, तर वायु थेट हृदयाच्या उजव्या भागांत पोंचतो आणि फुप्फुसाकडे जाणारें रक्त अडतें. मग रक्तदाब कोसळतो व उच्छ्वासांतील कार्बन डाय-ऑक्साइड एकाएकीं घटतो. पोटांत भरला जाणारा वायुच श्वासांत कमी दिसावा, हें विलक्षण खरें! तो आंकडा भूलतज्ज्ञ डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. आप्तांना मात्र त्याचें नांवही ठाऊक नसतें. त्यानें इशारा देतांच शल्यवैद्य वायु थांबवून पोट मोकळें करतो. रोग्यास निर्भेळ प्राणवायु देतात, आणि डोकें खालीं ठेवून डाव्या कुशीवर वळवितात, म्हणजे बुडबुडा बाजूस राहून रक्तास वाट मिळते.