आल्प्समधला शांत रस्ता कसा शोधायचा?

मागच्या भागात आपण सायकल बॉक्समध्ये भरून विमानाने कशी न्यायची, ते बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "स्वित्झर्लंडला येतोय, कुठला घाट चढू?" आणि सोबत यादी ठरलेलीच: फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन, जमलं तर पलीकडे इटलीतला स्टेल्व्हिओ.

घाट सुंदर आहेत, त्यात वादच नाही. पण जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या स्वच्छ रविवारी दुपारी तिथे जाऊन बघा. मोटारसायकलींचे थवेच्या थवे, मागून कॅम्पर व्हॅन, त्यांना ओव्हरटेक करणाऱ्या स्पोर्ट्स कार. चढताना तुमचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर, त्यामुळे दोन-तीन तास हे सगळं तुमच्या डाव्या कोपराजवळून जात राहणार. हो, डाव्या, कारण इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. इतके पैसे खर्चून, रजा काढून यायचं आणि मान वळवून मागेच बघत बसायचं, हे काही खरं नाही.

म्हणून आज शांत रस्त्यांबद्दल बोलतो. मी इथे काही वर्षं राहतोय, आणि एक गोष्ट पक्की लक्षात आलीय. शांत रस्ता नशिबाने सापडत नाही. तो शांत आहे, याला काहीतरी कारण असतं. ते कारण नकाशावर ओळखता आलं की तुमचा रस्ता तुम्हीच शोधू शकता.

पहिलं कारण म्हणजे बोगदा. खाली बोगदा झाला की वरच्या खिंडीतली कामाची वाहतूक निघून जाते. एक्स्प्रेसवे झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे हायवेवरचे लांब पल्ल्याचे ट्रक कमी झाले, तसंच. इथलं मोठं उदाहरण गॉटहार्ड. १९८० साली तिथे जवळजवळ १७ किलोमीटरचा मोटार बोगदा सुरू झाला. ट्रक, मालवाहतूक, घाईतली माणसं सगळी त्यात गेली. त्यात सायकलला अर्थातच बंदी. वर मोटारींसाठी एक रुंद, नवा घाटरस्ताही आहे. म्हणजे त्याही आधीचा जो रस्ता, त्रेमोला, त्याच्यासाठी फारसं कोणी उरतच नाही.

त्रेमोला दक्षिणेच्या बाजूला, आयरोलो गावाकडून चढतो. एकोणिसाव्या शतकातला रस्ता, दगडी फरसबंदीचा, एकावर एक रचलेली २४ हेअरपिन वळणं. खिंड सुमारे २,१०० मीटरवर. चढताना फरसबंदी त्रास देते पण सोसवते. पाऊस पडला असेल तर त्यावरून उतरू मात्र नका. चढायला त्रेमोला आणि उतरायला दुसरी बाजू, असाच बेत करा. टायर शक्यतो २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लावा, मनगटं दुवा देतील.

पूर्वेकडची सान बेर्नार्दिनो खिंडही अशीच. १९६७ मध्ये बोगदा झाला आणि २,०६६ मीटरवरचा जुना रस्ता निवांत झाला.

दुसरं कारण म्हणजे बंदी. काही रस्त्यांवर खासगी गाड्यांना परवानगीच नाही. यातला माझा सगळ्यात आवडता रस्ता ग्रोसे शायडेग, १,९६२ मीटर. मायरिंगेनहून निघायचं, सुमारे १६ किलोमीटरमध्ये जवळपास १,३७० मीटर चढायचं आणि पलीकडे ग्रिंडेलवाल्डला उतरायचं. श्वार्त्सवाल्डआल्पपर्यंत खासगी गाड्या येतात. त्यापुढे वेळापत्रकाच्या बस आणि परवानगी असलेल्या स्थानिकांच्या गाड्या, बस्स. डोक्यावर वेटरहॉर्नची भिंत, आणि आवाज फक्त गायींच्या घंटांचा आणि आपल्या श्वासाचा. चढ सोपा मुळीच नाही, काही टप्पे दहा टक्क्यांच्या वर आहेत.

हा रस्ता मला आवडतो त्याला एक घरगुती कारणही आहे. एका वर्दळीच्या घाटात उतरताना एका गाडीचा आरसा माझ्या बायकोच्या कोपराला घासून गेला. ती पडली नाही. पण त्यानंतर मागून गाडीचा आवाज आला की तिचे हात थरथरायचे, ब्रेक नीट धरवायचा नाही. दोन वर्षं सायकल भिंतीला टांगलेली होती. "घाबरू नकोस, सराव कर" असं बरेच जण तिला सांगायचे. अहो, भीती खरी होती, गाड्याही खऱ्या होत्या, नुसत्या सरावाने काय होणार? मग एका मंगळवारी आम्ही ग्रोसे शायडेगला गेलो. श्वार्त्सवाल्डआल्पनंतर पाचेक किलोमीटर तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वर पोचल्यावर म्हणाली, "पुढच्या आठवड्यात कुठे?" आता ती ठरावीक रस्त्यांवरच चालवते, पण चालवते.

अशा रस्त्यांवर पिवळ्या पोस्टबसचा एक नियम लक्षात ठेवा. निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं दिसलं, की तो डोंगरी टपालरस्ता. तिथे बसचालक थांबा म्हणाला की थांबायचं, मागे सरका म्हणाला की सरकायचं. आंधळ्या वळणाआधी बस तीन सुरांचा हॉर्न वाजवते. ते सूर रॉसिनीच्या 'विल्यम टेल'च्या सुरावटीतून घेतलेत. ऐकायला गोड आहे, पण ऐकू आला की आधी कडेला व्हा, कौतुक नंतर. (हसतो)

बंदी कधी फक्त ठरावीक दिवशी असते. प्रागेल खिंड, साधारण १,५५० मीटर, शनिवार-रविवारी ग्लारुसच्या बाजूने मोटारींना बंद असते. आरपार जाता येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या बाजूनेही गाड्या कमीच येतात. म्हणजे सगळीकडे गर्दी असते नेमके तेच दोन दिवस इथे निवांत. मुओटातालकडून चढ फार कडक आहे, गिअर हलका लावून या.

डोलोमाइट्समध्ये सेला, पोर्दोई वगैरे चार खिंडींचा फेराही वर्षातल्या मोजक्या दिवशी फक्त सायकलींसाठी ठेवतात. तारखा दरवर्षी बघून घ्या. पण तिथे गाड्या नसल्या तरी हजारो सायकली असतात. सुरक्षित म्हणाल तर हो, शांत म्हणाल तर नाही.

तिसरं कारण, रस्ता पुढे कुठेच जात नाही. आल्प्समध्ये धरणांकडे जाणारे असे कितीतरी रस्ते आहेत. गोशेनेनहून गोशेनेराल्पच्या धरणापर्यंत सुमारे दहा किलोमीटर चढ आहे आणि वर जलाशयापाशी रस्ता संपतो. पलीकडे जायचंय अशी गाडी इकडे येतच नाही. फक्त रविवारी फिरायला येणारे असतात, म्हणून शक्यतो मधल्या वारी जा. बरेच जण असे रस्ते सोडतात, कारण खिंडीचं नाव मिळत नाही, पाटीपाशी फोटो निघत नाही. मला विचाराल तर हेच त्यांचं भाग्य!

आणि हे काहीच जमलं नाही, फुर्काच करायचाय, तर घड्याळ वापरा. मधला वार, पहाटे सहाला सुरुवात. मोटारसायकलवाले नाश्ता करून निघेपर्यंत तुम्ही वर. जून आणि सप्टेंबर हे जुलै-ऑगस्टपेक्षा बरे, पण जूनमध्ये खिंड उघडली आहे का ते आदल्या दिवशी तपासा. बर्फ आपलं कॅलेंडर बघत नाही.

शेवटी दोन गोष्टी. शांत रस्ता म्हणजे रिकामा रस्ता नव्हे. वळणापलीकडे गाय बसलेली असू शकते, शेणाने रस्ता निसरडा असतो. जनावरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्या बसवलेल्या असतात, त्यांवरून सायकल सरळ न्या, वळवू नका. आणि दिवसाही मागचा दिवा लावा, कारण छोटे बोगदे अचानक येतात.

तर मंडळी, नकाशा उघडा आणि प्रत्येक रेषेला विचारा, इथून गाडी का जाईल? उत्तर सापडलं नाही, तर तो रस्ता तुमचा. पुढच्या भागात ट्रेनने आणि पोस्टबसने सायकल कशी न्यायची ते बोलू. तोपर्यंत, सांभाळून चालवा!