पालकांना काय सांगावे?



मुलाच्या शिकण्याची हकीकत पालकांना कळविणे, हे शिक्षकाचे केवळ सौजन्य नव्हे. ते त्याचे कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमानुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावयाची असते.

परंतु सांगावे कसे? २०११ च्या जनगणनेच्या वेळी देशातील ७ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश निरक्षर होत्या. अशा मातेच्या हाती प्रगतिपुस्तक दिले, तर अंगठा उमटविण्यापलीकडे तिने काय करावे? तिच्याशी तिच्याच बोलीत बोलले पाहिजे.

शिवाय गुणांच्या आकड्यातून फारसा बोध होत नाही. ‘गणितात कच्चा’ एवढे ऐकून घरी मुलाला मार मात्र मिळतो. ‘बेरीज बिनचूक करतो, वजाबाकीत हातचा घ्यायला विसरतो,’ असे सांगितले, तर बाजारातून परतताना तीच आई त्याला उरलेल्या पैशांचा हिशेब विचारील. अक्षरओळख नसली, तरी तोंडी हिशेबात ती पुष्कळदा तरबेज असते.

१९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी मुलांबरोबरच आईबापांसाठीही लिहिले, ते याच जाणिवेने. मूल दोन्हीकडे शिकत असते. म्हणून सभेतला निम्मा वेळ आपण बोलावे आणि निम्मा वेळ ऐकावे. मूल घरी काय करते, हे आईच आपल्याला सांगू शकते.